टनेजच्या पलीकडचा हिशेब



‘उसाचे एकरी टनेज वाढवा, सगळे प्रश्न सुटतील’ असे सांगणारे पत्र गेल्या अंकात वाचले. लेखक स्वतः शेतकरी आहेत. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, बाकी पिकांना नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच. पण शिरोळ तालुक्यातली क्षारपड जमीन त्यांच्या हिशेबात कुठेच दिसली नाही.

काळ्या रानात उसाचे पाणी वर्षानुवर्षे मुरत राहिले, भूजल वर आले, पाणी उडून गेले आणि क्षार मुळांपाशी साठले. आधी टनेज घटले, मग उगवणच थांबली. शिरोळच्या दत्त साखर कारखान्याने शेतकऱ्यांना सोबत घेऊन निचऱ्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाईप घातले, पड रानं पुन्हा पिकाखाली आणली. काम मोलाचे, पण ही वाढ नव्हे, गमावलेले परत मिळवणे आहे. (देशाच्या उत्पन्नात मात्र जमीन बिघडवणारा ऊसही जमेला आणि ती सुधारणारे पाईपही जमेला!)

निसर्गाच्या चक्रात बसेल तेवढीच अर्थव्यवस्था टिकते, हे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी १९४५ सालीच मांडले होते. आपल्याला तेव्हा ते मागासलेपण वाटले.

जयसिंगपुरात दरवर्षी ऊस परिषद भरते, दराची मागणी होते. व्हावीच. तिथे हरभरा, सोयाबीन, भुईमुगाच्या खात्रीच्या खरेदीचीही मागणी करा. ती खात्री मिळाली, की ऊस कमी करा असे शेतकऱ्याला सांगायला मी स्वतः बांधावर येतो.

– एक वाचक, जयसिंगपूर