फोटोंचे बिऱ्हाड हलवताना



घरात नवा लॅपटॉप आला की जुना कॉम्प्युटर एकदम अडगळ वाटू लागतो. काल-परवापर्यंत ज्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालून आपण धूळ बसू देत नव्हतो, तोच आता जागा अडवतो, वायरी लोंबतात, झाडताना आडवा येतो. त्यातून १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली, त्यामुळे पुष्कळ घरांतून जुने यंत्र काढून नवे घेण्याची बोलणी झाली. हरकत नाही. पण "याचे किती येतील हो?" असे कुणाला विचारण्याआधी त्या डब्याच्या पोटात काय काय आहे ते पाहा. पत्रे, बिले, मुलांचे जुने प्रकल्प हे गेले तरी चालेल. फोटो गेले तर ते पुन्हा कुठून आणणार?

आमच्याच घरचे सांगते. मामंजींनी २००६ साली डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्यानंतर बारा-तेरा वर्षे घरातला एकही सण त्यांच्या नजरेतून सुटला नाही. जुना वाडा पाडायच्या आधीचे अंगण, तिथला आड, सासूबाई पापड लाटताहेत, नणंदेचे केळवण, सगळे त्यात आहे. ते स्वतः मात्र फारच थोड्या फोटोंत आहेत, कारण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात! मामंजी २०१९ मध्ये गेले. तेव्हापासून सासूबाई कधीमधी दुपारी म्हणतात, "जरा लाव गं तो कॉम्प्युटर." कागदावर छापलेले त्यातले शंभरसुद्धा नसतील. बाकी सारे त्या एका हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क अलीकडे सुरू होताना कट्-कट् आवाज करू लागली होती. असा आवाज ऐकलात तर आज-उद्या करू नका. त्यावर सिनेमे, गेम काही लावू नका. आधी फोटो बाहेर काढा.

आता काढायचे कसे? बिऱ्हाड हलवताना आपण काय करतो ते आठवा. भांडी मोजून खोक्यात भरतो, खोक्यांना आकडे घालतो, टेम्पो पोचला की नग मोजून घेतो आणि मगच जुन्या घराची किल्ली देतो. फोटोंचेही अगदी तसेच आहे. फरक एवढाच, की इथे भांडी जुन्या घरीही राहतात आणि नव्या घरीही पोचतात. म्हणून माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला : 'कट' करू नका, 'कॉपी' करा. कट केले म्हणजे कॉम्प्युटर फोटो तिकडे नेतो आणि इकडचा पुसतो. मध्येच वीज गेली, वायर हलली, की निम्मे इथे, निम्मे तिथे, आणि कुठे काय हे कुणालाच कळत नाही. आमच्या शेजारच्या वहिनींकडे नेमके हेच झाले. मुंजीच्या फोटोंतला मातृभोजनाचा तेवढा भाग सापडेना. पुढे सापडला, पण दोन दिवस त्या माउलीला जेवण गोड लागले नाही.

आधी सगळे फोटो कुठे कुठे आहेत ते हुडका. 'पिक्चर्स' नावाच्या फोल्डरमध्ये सारे असतील असे समजू नका. काही डेस्कटॉपवर पसरलेले असतात, काही डाउनलोड्समध्ये, काही 'डी' ड्राइव्हवर 'नवीन', 'नवीन २', 'सगळे' असल्या नावांखाली. (ही नावे बहुधा घरातली पुरुषमंडळीच देतात!) शोधायच्या चौकटीत इंग्रजीतून चांदणीचे चिन्ह, टिंब आणि जे-पी-जी ही अक्षरे टाकलीत तर त्या जागेतले बहुतेक फोटो समोर येतात. त्यात कॉम्प्युटरची स्वतःची बारीकसारीक चित्रेही येतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. चलच्चित्रांची अक्षरे निराळी असतात, एम-पी-फोर, ए-व्ही-आय वगैरे, तीही टाकून पाहा.

मग मोजणी. फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' म्हणा. आत किती फायली आहेत आणि सगळ्यांचा मिळून आकार किती, ते लिहिलेले असते. ते दोन्ही आकडे वहीत उतरवून घ्या. हो, कागदाच्या वहीत! आमचे ११,३४२ फोटो निघाले आणि आकार ५८ जीबी. हे दोन आकडे पुढे फार कामाला येतात.

वाहतुकीचे मार्ग चार-पाच आहेत. दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर असली तर तारेशिवायही फोटो पाठवता येतात. विंडोज १० आणि ११ मध्ये त्यासाठी 'निअरबाय शेअरिंग'ची सोय आहे. दहावीस फोटोंना ती छान, पण दहा हजारांना वेळखाऊ, आणि विंडोज ७ च्या यंत्रात ती नाहीच. गूगल फोटोजवर चढवून दुसरीकडे उतरवणे हाही एक मार्ग. मात्र तिथली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळ्यांना मिळून १५ जीबी फुकट मिळतात. आमच्या ५८ जीबीला ती कशी पुरावी? व्हॉट्सॲपवरून तर मुळीच पाठवू नका. नेहमीसारखा पाठवलेला फोटो तिथे आक्रसून जातो, आणि तो कोणत्या दिवशी काढला याची आतली नोंदही पुसली जाते. अगदी अडलेच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तसा तो जसाच्या तसा पोचतो.

पेनड्राइव्ह बहुतेकींकडे असतो. ने-आण करायला तो चांगला, पण जपून ठेवायला नाही. एवढीशी वस्तू. ह्यांच्या पँटच्या खिशातून थेट वॉशिंग मशीनमध्ये गेलेले पेनड्राइव्ह किती घरांत निघाले असतील! शिवाय काही वेळा तो लग्नाची लांबलचक चित्रफीत घेतच नाही, जागा भरपूर असूनही 'फाईल फार मोठी आहे' असे म्हणतो. पेनड्राइव्ह 'फॅट ३२' या जुन्या पद्धतीने आखलेला असला की त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाईल मावत नाही. तो 'एक्स-फॅट' पद्धतीने पुन्हा आखला की अडचण सुटते. पण आखताना त्यावरचे सगळे पुसले जाते, तेव्हा आधी तो रिकामा आहे ना, हे पाहून घ्या.

माझ्या मते घरासाठी सर्वांत सोयीची म्हणजे पोर्टेबल हार्ड डिस्क. एका साडीच्या किमतीत येत नाही, खरे आहे, पण काम झाले की ती वाया जात नाही. फोटोंची दुसरी प्रत म्हणून कपाटात राहते. जुन्या कॉम्प्युटरला जोडताना आतून निळे असलेले यूएसबीचे भोक दिसले तर तेच वापरा. ते बहुधा नव्या जातीचे, जुन्याहून कितीतरी वेगवान असते. नसले तरी चालते, वेळ लागेल इतकेच. आमच्या यंत्राला निळे भोक नव्हते. सकाळी नाश्त्याची भांडी घासायला घेतली तेव्हा लावून दिले आणि कुकर उतरवेपर्यंत काम चालू होते. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, आणि तुमच्याकडे ज्या दिवशी वीज जाते त्या दिवशी हे काम काढू नका.

सगळा ढीग एकदम उचलण्यापेक्षा एकेका वर्षाचे फोल्डर घ्या. कॉपी, मग डिस्कवर जाऊन पेस्ट. मध्येच कॉम्प्युटर विचारतो, "या नावाची फाईल इथे आधीच आहे, बदलू का?" इथे हात आवरा! कॅमेरे फोटोंना स्वतःच नंबर घालतात आणि ९९९९ झाले की बरेच कॅमेरे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. त्यामुळे २००८ च्या गणपतीचा फोटो आणि २०१३ च्या बारशाचा फोटो यांचे नाव एकच असू शकते. 'रिप्लेस' म्हटलेत की गणपती गेला आणि त्या जागी बारसे आले. म्हणून ताडून पाहण्याचा पर्याय निवडा आणि दोन्हींवर खूण करा, म्हणजे कॉम्प्युटर एकाच्या नावापुढे आकडा लावून दोन्ही ठेवतो. मुळात प्रत्येक वर्षाला वेगळे फोल्डर असले की हा घोळ फारसा होत नाही. फोल्डरच्या नावात वर्ष आधी, मग महिना, मग प्रसंग लिहा, म्हणजे सारे आपोआप ओळीने लागतात.

कॉपी झाली की वही काढा. डिस्कवरच्या फोल्डरवर पुन्हा 'प्रॉपर्टीज' म्हणा आणि आकडे ताडून पाहा. तिथे 'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क' असे दोन आकार दिसतील. दुसरा आकडा थोडाफार वेगळा येतो, कारण प्रत्येक डिस्कचे कप्पे निराळ्या मापाचे असतात. त्याने घाबरू नका. फायलींची संख्या आणि पहिला आकार मात्र जुळायलाच हवा. आमचे पहिल्या खेपेला ११,३३९ भरले. तीन कमी! २०११ च्या फोल्डरमधल्या तीन फायली जुन्या डिस्कला वाचताच येत नव्हत्या. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला तेव्हा दोन आल्या, एक गेली ती गेलीच. कोणती होती कोण जाणे. पण आकडा लिहून ठेवला नसता तर त्या दोन्हीही गेल्या असत्या.

नुसत्या आकड्यांवरही विसंबू नका. प्रत्येक फोल्डरमधले चार-पाच फोटो पूर्ण मोठे करून पाहा. वरचा अर्धा नीट आणि खालचा नुसता करडा पट्टा असे दिसले तर ती फाईल बिघडलेली आहे. मूळ अजून जुन्या जागी आहे तोवर ती पुन्हा घेता येते.

एक शंका नेहमी येते. नव्या जागी फोटोंच्या तारखा आजच्या दिसू लागतात आणि मन चरकते. ती तारीख फाईल तिथे आल्याची असते. फोटो कधी काढला ते कॅमेरा फोटोच्या आतच लिहून ठेवतो आणि कॉपी केल्याने ते बदलत नाही. यादीत 'डेट टेकन' हा रकाना लावलात की खरी तारीख दिसेल. अर्थात कॅमेऱ्यालाच मुळात तारीख लावलेली नसेल तर मात्र तो बिचारा भलतेच सांगणार.

आता डिस्कवरून नव्या लॅपटॉपवर. इथेही कॉपीच. पण नव्या विंडोजमध्ये 'पिक्चर्स'चे फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हशी बांधलेले असते. तिथे फुकट जागा ५ जीबी. ती भरली की सूचनांचा भडिमार सुरू होतो, मग कुणीतरी कंटाळून ऑनलाइनवाले पुसते आणि लॅपटॉपवरचेही नाहीसे होतात. त्यापेक्षा 'घरचे फोटो' नावाचे स्वतंत्र फोल्डर त्याच्या बाहेर करून त्यात ठेवा.

जुना कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तरी हताश होऊ नका. कित्येकदा बिघाड दुसऱ्याच भागात असतो आणि आतली हार्ड डिस्क शाबूत असते. ती काढून जोडणीच्या तारेने दुसऱ्या यंत्राला लावता येते. दुरुस्तीवाल्याकडे न्यायचे असेल तर शक्यतो त्याच्यासमोर बसून करून घ्या. आपल्या लेकीसुनांचे फोटो चार दिवस परक्या दुकानात ठेवून येणे मला तरी पटत नाही.

नवीन जागी फोटो आले की घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. सासूबाईंनी एका दुपारी मला सतरा माणसे ओळखून दिली. त्यांतली अकरा ह्यांनासुद्धा माहीत नव्हती. नावे मी तिथल्या तिथे त्या फोटोंना दिली.

जुने यंत्र महिनाभर तसेच राहू द्या. तेवढ्यात कुणाला ना कुणाला काहीतरी आठवतेच. ते द्यायची वेळ आली की नुसते 'डिलीट' पुरत नाही. तसे पुसलेले फोटो जाणकाराला पुन्हा काढता येतात. विंडोज १० मध्ये 'रिसेट'मध्ये जाऊन सगळे काढून टाका आणि ड्राइव्ह स्वच्छ करण्याचा पर्यायही निवडा. त्याला काही तास लागतात. यंत्र बंदच पडलेले असेल तर हार्ड डिस्क काढून घ्या आणि उरलेला सांगाडा द्या.

आणि कपाटातल्या त्या पोर्टेबल डिस्कला चिकटपट्टी लावून तारीख लिहा, खाली फोटोंची संख्याही. सहा महिन्यांनी एकदा जोडून उघडते ना ते पाहत जा. आम्ही आणखी एक प्रत नणंदेकडे ठेवली आहे. भाऊबीजेला ती येते तेव्हा डिस्क घेऊन येते, वर्षाचे नवे फोटो त्यात भरून परत नेते.