पेटी घ्यावी वाजवून

मडके घेताना आपल्याकडची कोणतीही बाई त्यावर टिचकी मारून पाहते. नारळ कानाशी धरून हलवते, कलिंगडावर थाप मारते. पाच-पन्नास रुपयांच्या वस्तूसाठी कानाला एवढे काम देणारा आपला समाज, जिच्यात आवाजाखेरीज घेण्यासारखे काही नाही ती हार्मोनियम मात्र कागदावर विकत घेतो, याचे मला फार दिवस नवल वाटत आले आहे. शाळा असो, महाविद्यालय असो की वर्गणीवर चालणारे मंडळ असो. तीन दुकानांची कोटेशने मागवायची, सर्वांत लहान आकड्यावर खूण करायची आणि पेटी टेम्पोतून दारात उतरवून घ्यायची. ती वाजवून पाहणारा माणूस येतो तो बिल चुकते झाल्यावर. या रीतीविरुद्ध चार शब्द लिहावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

कोटेशनची पद्धत मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. आपला सारा पट्टाच तिच्यावर जगतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे आकुर्डी, भोसरी करीत कारखानदारी चाकणपर्यंत पोहोचली. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारी भोसरीतली लहान लहान वर्कशॉपे रोज कोटेशने देतात आणि त्यांतूनच शेकडो घरांच्या चुली पेटतात. माझे वडील अशाच एका ठिकाणी इन्स्पेक्शनला आहेत. ते सांगतात, “दर विचारण्याआधी ड्रॉइंग पुढे ठेवावं लागतं.” कोणता धातू, किती व्यास, किती कठीणपणा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात किती कमीजास्त चालेल, हे सारे आधी ठरते. माल आल्यावर तो गेजने तपासला जातो. न बसला तर परत जातो. वस्तू नेमकी ठरलेली आणि तपासणी नक्की होणारी, म्हणून तिथे कमी दराला अर्थ असतो.

आता पेटीचे कोटेशन पाहा. “हार्मोनियम, ३७ पट्ट्या, दुहेरी सूर, नग १.” संपले! लाकूड मुरलेले सागवान की रंग चढविलेले प्लाय? आतले पितळी सूर कुणी घासले, कुणी मिळवले? भात्याचे सांधे कसे? यातले एक अक्षरही त्या कागदावर नसते. मग तीन दरांची तुलना होते ती कशाची? तीन दुकानदारांनी तीन निरनिराळ्या वस्तूंचे भाव सांगितलेले असतात, आणि आपण त्यांतला लहान आकडा निवडून काटकसर केल्याचे समाधान मानतो.

कुणी म्हणेल, सुराला का गेज लावता येते? सगळ्याला येत नाही. पण पुष्कळ गोष्टींना येते आणि त्यासाठी गवई असावे लागत नाही. स्टॉप बंद ठेवून भाता भरावा आणि तो किती वेळ दम धरतो ते पाहावे. लगेच बसला तर हवा गळते आहे. मग स्टॉप उघडून, एकही पट्टी न दाबता भाता मारावा. पेटी आपणहून बोलू लागली तर आतली झडप नीट बसलेली नाही. प्रत्येक पट्टी एकेक करून अगदी हलक्या हवेवर दाबावी. चांगला सूर हळू हवेलाही चटकन उठतो. वाईट सुराला जोर केल्याशिवाय कंठ फुटत नाही. एका पट्टीचे दोन सूर आपसांत मिळालेले नसले तर आवाजात थरथर उठते, ती साध्या कानालाही कळते. पट्टी सोडताच वर येते का, शेजारणीला घासते का, खडखडते का, हे बोटांना कळते. आता तर मोबाइलवरही सुराची उंची मोजता येते. मात्र सूर जागेवर आहे एवढेच तो मोबाइल सांगतो. सूर गोड आहे की पत्र्यासारखा, हे सांगायला कानच लागतो.

कमी दराच्या मोहाइतकाच नावाचा मोहही फसवा आहे. ‘जुने जर्मन सूर’ म्हटले की काहींचे हात आपोआप जोडले जातात. जुने परदेशी सूर उत्तम असतात हे खरे. पण चिठ्ठी कुणालाही चिकटवता येते, आणि गुजरातेतील पालिताण्याच्या कारागिरांनी केलेले सूर नीट मिळवले तर ती पेटीही फार सुरेख बोलते. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. तरीही मिरजेला गेलेला जाणकार मानांकन पाहून तंबोरा उचलत नाही. तो तारा छेडतो, जवारी ऐकतो आणि दहांतून एक निवडतो. नाव गावाचे असते, आवाज त्या एका वाद्याचा.

पाश्चात्त्यांचा ग्रँड पियानो हे तर वाद्यांतले ऐरावत. मैफिलीतला मोठा पियानो सुमारे नऊ फूट लांब, वजनाला जवळजवळ अर्धा टन. पट्ट्या ८८ आणि तारा दोनशेहून अधिक. त्याची चकाकती काळी पेटी पाहून कुणीही भुलावे. पण तिकडचा शहाणा माणूस जुना पियानो घेताना तंत्रज्ञाला सोबत नेतो. तारांच्या खुंट्या लाकडात घट्ट आहेत का, आवाज मोठा करणारी आतली लाकडी फळी तडकली आहे का, हातोड्यांचे नमद कितपत झिजले आहे, हे तो पाहतो. कारण खुंट्या सैल झालेला पियानो स्वस्तात मिळाला तरी दुरुस्तीत मूळ किमतीहून महाग पडू शकतो. पियानो काय किंवा पेटी काय, पैसे पॉलिशचे द्यायचे नसतात. आत जे आहे त्याचे द्यायचे असतात.

आणखी एक प्रश्न कोटेशनात कधीच नसतो : पेटी कशासाठी हवी? आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दाराबाहेर काढले आणि १९७१ पर्यंत बाहेरच ठेवले. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे स्वर ठरीव अंतरावर बांधलेले, हे आक्षेप खोटे नव्हते. पण गोविंदराव टेंबे आणि अप्पा जळगावकर यांनी याच अपुऱ्या वाद्यातून रसिकांना तृप्त केले. तेव्हा वाद्याचे मोल कामावरून ठरते. भजनाला उघड्या मैदानात पोहोचणारा भरदार आवाज हवा, ख्यालाच्या साथीला गायकाच्या मागे राहणारा मऊ आवाज हवा, आणि शिकणाऱ्याला सर्वांत आधी खरा सूर हवा.

या शेवटच्या मुद्द्यासाठीच मी लिहितो आहे. आपल्या वर्गांतील बहुतेक मुलामुलींच्या घरी वाद्य नाही. दोन खोल्यांच्या घरात, पाळीवरून आलेला माणूस झोपलेला असताना, ते वाजवणार तरी कुठे? त्यांच्या आयुष्यातली पहिली पेटी संस्थेचीच असते. तिचा पंचम उतरलेला असला तर त्यांना तोच पंचम खरा वाटतो. वाकडा निघालेला सुटा भाग भंगारात टाकता येतो. बेसूर पेटीवर घडलेला कान परत पाठवायला खिडकी नाही. वर त्या मुलालाच “तुला सुराचं अंग नाही” असे ऐकावे लागते!

“मग ऑडिटला काय दाखवायचे?” असे विचारले जाईल. माझे म्हणणे असे, की कोटेशने जरूर मागवा, पण ड्रॉइंगसह. लाकूड, सुरांच्या ओळी, भाता, हमी आणि वर्षातून एकदा सूर मिळवून देण्याची अट लिहून द्या. पेटी आधी आणवून जाणत्याकडून वाजवून घ्या, त्याची सही कागदाला जोडा, आणि मगच दर उघडा. असा जाणता शोधायला लांब जायला नको. चाकणहून आळंदी ती किती दूर? तिथे जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. कीर्तनाच्या साथीला पेटी वाजवणारे हात आळंदीत आणि देहूत आजही आहेत. त्यांना एक दिवसाचे मानधन आणि जाण्यायेण्याचा खर्च दिला, तरी तो एका वाया गेलेल्या पेटीपुढे किरकोळच. आणि खरेदीच्या वेळीच दरवर्षीच्या दुरुस्तीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. कारण पावसाळा लाकडाला सोडत नाही आणि कपाटात कुलपाआड ठेवलेली उत्तम पेटीही बिघडतेच.

आपल्या जिमखान्याने पुढच्या खरेदीच्या वेळी एवढे करून पाहावे, ही प्राचार्यांना आणि प्राध्यापकांना नम्र विनंती.