संगणकातला चेहरा

गेल्या महिन्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी अम्मीला घेऊन घरी आली. वय १९. खालचा जबडा पुढे आलेला, वरचे दात आत. पेरूचा तुकडासुद्धा पुढच्या दातांनी तोडता येत नाही. शाळेत डबा खाताना ती तोंडावर ओढणी धरायची, हे आम्ही पाच वर्षं पाहिलेलं आहे.

अम्मीने मोबाईल पुढे केला. त्यात त्याच मुलीचा बाजूने घेतलेला फोटो, पण हनुवटी जागेवर, ओठ जुळलेले. “आपा, ऑपरेशननंतर अशी दिसणार. डॉक्टरांनी काँप्युटरवर काढून दाखवलं.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “रिश्त्याच्या बायोडेटात हाच लावू का?”

मुलगी खाली मान घालून बसली होती. आम्ही उर्दू-मराठी शिकवणारे, लगेच काय बोलणार? दोन दिवस मागून घेतले आणि ओळखीच्या एका दंतवैद्यांकडे जाऊन बसलो.

हे चित्र तयार कसं होतं, ते आधी समजून घेतलं. चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढतात, त्यावर फोटो बसवतात. पूर्वी हेच काम पारदर्शक कागदावर रेघा मारून, जबड्याचा तुकडा कात्रीने कापून सरकवून करत. आता सॉफ्टवेअर करतं, काही ठिकाणी त्रिमितीय स्कॅनवरही करतं. हाड किती मिलिमीटर मागेपुढे न्यायचं ते सर्जन ठरवतो. हाडावरची कातडी त्याच्यामागे किती सरकेल, याचा हिशोब सॉफ्टवेअर लावतं, आणि तो हिशोब असतो आधीच्या रुग्णांच्या सरासरीचा. त्यातले बरेच जुने हिशोब युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवरून काढलेले. आपल्या मुलीचा ओठ किती जाड, किती सैल, हे त्या सरासरीला कुठून कळणार?

म्हणून चेहऱ्याच्या सगळ्या भागांचा अंदाज सारखा खरा ठरत नाही. हनुवटीची कातडी हाडाला घट्ट धरून असते. हाड जितकं सरकतं, जवळजवळ तितकीच तीही सरकते, तिथे चित्र बरंच खरं निघतं. वरचा ओठ हाडाइतका सरकत नाही. सगळ्यात जास्त फसतो तो खालचा ओठ, कारण तो वरच्या दातांवर टेकतो, स्नायूंनी ओढला जातो आणि दात हलले की त्याची बसण्याची जागाच बदलते. वरचा जबडा पुढे घेतला तर नाकपुड्या थोड्या रुंदावू शकतात. बाजूने काढलेल्या चित्रात ते दिसतच नाही. अभ्यासक साधारण २ मिलिमीटरच्या आतली चूक चालण्याजोगी मानतात. कागदावर ती क्षुल्लक वाटते, पण ओठावर २ मिलिमीटर म्हणजे काय, हे कोणत्याही मुलीला आरसा सांगेल.

शिवाय ही मोजमापं धरतात ती सूज पूर्ण उतरल्यानंतरच्या चेहऱ्याची. बरीचशी सूज काही आठवड्यांत जाते, पण चेहरा नीट बसायला सहा महिने ते वर्ष लागतं. त्याआधी दातांना तारा लावून वर्षभर, कधी जास्तही, तयारी चालते. या तयारीत खालचे दात सरळ झाले की जबडा आधीपेक्षा जास्तच पुढे वाटतो! हे आम्हांला नवीन होतं. घरात कोणी सांगितलेलं नसेल तर इलाज उलटा पडला म्हणून रडारड व्हायची. खालच्या ओठाचा आणि हनुवटीचा बधिरपणा बऱ्याच जणांना काही महिने राहतो, थोड्यांना कायमचा. मोबाईलमधल्या चित्रात यातलं काहीच नव्हतं.

म्हणजे ते चित्र खोटं? तसं आम्ही म्हणणार नाही. हाड किती सरकवायचं हे ठरवायला सर्जनला ते उपयोगी पडतं, घरच्यांना शस्त्रक्रियेची दिशा कळते. आमची तक्रार एवढीच की ते हातात देताना हा अंदाज आहे, असं कोणी स्पष्ट बोललं नाही. आम्ही मायलेकींना सांगितलं, पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा: तुमच्या जुन्या रुग्णांचं आधीचं चित्र आणि वर्षानंतरचा फोटो शेजारी ठेवून दाखवाल का? ओळख झाकून दाखवता येतं.

दादीने घरी वेगळाच मुद्दा काढला होता, अल्लाहने दिलेली सूरत बदलायची का. मुलीला घास तोडता येत नाही हे ऐकल्यावर मौलानांनी हरकत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा त्या शांत झाल्या. बायोडेटाचं मात्र आम्ही साफ सांगितलं: समोरचे लोक ज्या मुलीला पाहायला येतील, फोटो तिचाच हवा. अम्मी थोड्या नाराज झाल्या. “मग आपा, दोन वर्षं थांबायचं?”

उत्तर मुलीने दिलं, “थांबू या अम्मी. मला आधी नीट जेवायचंय.”

परवा तारा बसल्या. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पातळ आणि मऊच खायचं असतं, म्हणून तारीख रमजान ईद झाल्यावरची मागायची असं घरात ठरलंय. मोबाईलमधलं ते चित्र अम्मींनी अजून पुसलेलं नाही, बायोडेटाला मात्र कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो लावलाय.