डोकं दुखतंय? आधी घड्याळ बघा!

परवा सातवीतल्या एका मुलाचं पत्र आलं. तो लिहितो, "डॉक्टरकाका, शाळेत तिसऱ्या तासाला माझं डोकं दुखायला लागतं. घरी सांगितलं की आई म्हणते, गणिताचा तास आला की बरं दुखतं तुझं! डोळे तपासले, नंबर नाही. मग मी खोटं बोलतो का?"

नाही रे बाबा! डोकेदुखी थर्मामीटरने मोजता येत नाही, म्हणून काही ती खोटी ठरत नाही. पण तुझ्या पत्राच्या शेवटी मला एक धागा सापडला. तू रात्री साडेअकराला झोपतोस आणि पावणेसहाला उठतोस. म्हणजे झोप झाली सव्वासहा तास. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १०. म्हणजे रोज निदान पावणेतीन तासांची उधारी. शाळेच्या पाच दिवसांत ती पावणेचौदा तासांवर जाते!

आता गंमत ऐका. मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाही. दुखतात ती त्याच्याभोवतीची आवरणं, रक्तवाहिन्या आणि डोक्या-मानेचे स्नायू. झोप अपुरी पडली की वेदनेला आवर घालणारी मेंदूतली यंत्रणा ढिली पडते. मग एरवी जाणवलाही नसता, असा ताणही ठणकायला लागतो. शिवाय डोकं दुखलं की रात्री झोप नीट लागत नाही, आणि झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकं दुखतं. आहे की नाही दुष्टचक्र?

"मग रविवारी अकरापर्यंत झोपून वसूल करू," असं कुणीतरी म्हणेलच. पण ज्यांना अर्धशिशीचा त्रास असतो, त्यांचं डोकं कमी झोपेने दुखतं तसं वेळी-अवेळी जास्त झोपल्यानेही दुखतं. त्यात न्याहारीही चुकलेली असते. म्हणून सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ तासाभराहून जास्त पुढे ढकलू नका.

एक गोष्ट मात्र मोठ्यांनीही ऐकावी. वयात येताना झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार व्हायला लागतं. म्हणजे ताई दहाला झोपत नाही तो सगळाच तिचा आळस नव्हे. त्यात हातात मोबाईल असला, की त्याच्या उजेडाने झोप आणखी लांबते. महाराष्ट्रात २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवण्याचा निर्णय निघाला, तो मुलांच्या झोपेचा विचार करूनच. मोठ्या वर्गांतल्या मुलांना मात्र आपली झोप आपणच सांभाळायला हवी.

आता एक प्रयोग करा. एक जुनी वही घ्या आणि दोन आठवडे रोज लिहा: किती वाजता झोपलो, कधी उठलो, डोकं कधी आणि किती वेळ दुखलं, काय खाल्लं, पाणी किती प्यायलो. रोज झोपायची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. मोबाईल तासभर आधी दुसऱ्या खोलीत ठेवा. दुपारनंतर चहा-कॉफी नको.

आई-बाबांसाठी दोन शब्द. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल आणि उठल्या उठल्या डोकं दुखतं म्हणत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. वेदनेमुळे झोपेतून जाग येत असेल, सकाळी उलट्या होत असतील, नजर अंधुक होत असेल, तापाबरोबर मान आखडली असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर वही भरत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि आठवड्यातून दोन-तीनदा गोळी द्यावी लागत असेल, तर गोळ्यांच्या अतिवापरानेही डोकं दुखू शकतं, हे लक्षात असू द्या.

आणि पत्रलेखक दोस्ता, भरलेली वही आईला दाखव. "खोटं नाही ग," असं मग तुला म्हणावंच लागणार नाही!

तुमचा,
डॉक्टरकाका