नुकसान एकीचं, दावा तिऱ्हाईताचा

गर्भपाताच्या गोळ्या टेक्सासमध्ये कोणी बनवल्या, पाठवल्या किंवा पुरवल्या, तर त्याच्यावर आता कोणीही सामान्य नागरिक दिवाणी दावा लावू शकतो. जिंकल्यास किमान १ लाख डॉलर. कायदा ४ डिसेंबर २०२५पासून लागू आहे. गोळ्या घेणारी बाई, गर्भाचा बाप किंवा जवळचे नातेवाईक यांनी दावा लावला तर सगळी रक्कम त्यांची. मात्र ज्याचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही, त्यालाही १० हजार मिळतात आणि उरलेले ९० हजार धर्मादाय संस्थेला जातात. गोळी घेणाऱ्या बाईवर दावा लावता येत नाही, हे समर्थक आवर्जून सांगतात.

माझं तालुक्याच्या गावी प्रसूतिगृह आहे. डॉक्टरवर दावा लावण्याला माझा विरोध नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, तो निकाल मला योग्यच वाटतो. माझ्या हातून हलगर्जी झाली तर पेशंटने मला खुशाल कोर्टात खेचावं. पण ज्याला इजा झाली, भरपाई त्याने मागायची. वाटेवरच्या माणसाच्या हातात दहा हजार ठेवले, की ती भरपाई राहत नाही, ते बक्षीस होतं. टेक्सासच्या २०२१ सालच्या गर्भपातविरोधी कायद्यातही हीच युक्ती होती. सरकारने स्वतः कारवाई करायची नाही, मग त्या कायद्याला आव्हान द्यायचं तरी कोणाविरुद्ध?

अमेरिकेतल्याच लुईझियाना राज्याने दुसरी वाट धरली. ऑक्टोबर २०२४पासून मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही गर्भपाताची दोन औषधं तिथे झोपेच्या गोळ्यांसारख्या नियंत्रित औषधांच्या यादीत आहेत. यातलं मिसोप्रोस्टॉल आम्ही बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायलाही देतो. पिशवी आकसत नसते, चादर भिजत असते, नर्स हात पुढे करून उभी असते, तेव्हा मिनिटं मोजावी लागतात. अशा वेळी ते औषध कुलपात असणं म्हणजे काय, हे लेबर रूममध्ये उभं राहिलेल्या कोणालाही विचारा.

कारवाईची अशी भीती आपल्याकडेही दुकानाच्या फळीपर्यंत पोचलेली आहे. २०१२ साली परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघडकीला आलं, तपासण्या वाढल्या आणि मेडिकलवाल्यांनी गर्भपाताच्या गोळ्यांचं एमटीपी किट ठेवणंच सोडलं. एक मिफेप्रिस्टोन, चार मिसोप्रोस्टॉल, एवढाच तो डबा. "मॅडम, इन्स्पेक्टरची कटकट कोण मागे लावून घेणार?" असं मला एका दुकानदाराने तोंडावर सांगितलं. वास्तविक हे किट नऊ आठवड्यांपर्यंतच वापरतात आणि तेव्हा सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसतच नाही. लिंगनिवडीशी या गोळ्यांचा संबंध जोडणंच चूक आहे. एकदा माझ्याकडे आलेली दोन लेकरांची आई सात आठवड्यांची गरोदर होती. तिला गोळ्याच हव्या होत्या, कायद्यानेही मिळायला हव्या होत्या. दोन-तीन दुकानं फिरून नवरा रिकाम्या हाताने परतला. शेवटी तिचं क्युरेटिंग करावं लागलं.

बंदी नाही, खटला नाही, तरी औषध मिळत नाही. टेक्सासने तर या भीतीला किंमतच ठरवून दिली आहे. तिथले दुकानदार आणि डॉक्टर आमच्यापेक्षा धीट निघतील असं मला वाटत नाही. आपल्या अन्न व औषध प्रशासनाने तरी प्रत्येक मेडिकलवाल्याला लेखी कळवावं, की चिठ्ठी पाहून, नोंद ठेवून हे किट विकणं हा गुन्हा नाही.