ऑप्टिकल आउटची दुरुस्ती नीट करू या

गणपती ते दिवाळी हा आपल्या धंद्यातला धावपळीचा काळ. नवे साउंडबार घरी येतात, जुने होम थिएटर माळ्यावरून खाली उतरते आणि मग ‘ऑप्टिकलमधून आवाज येत नाही’ म्हणून टीव्ही दुकानात येतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या आपल्या बहुतेक वाचकांनी हे काम केलेले आहे. भाग स्वस्त, पिना तीनच, म्हणून ते किरकोळ समजले जाते आणि घाईत उरकले जाते. यंदाच्या हंगामाआधी या सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवे.

तोशिबाने 1983 मध्ये ही ऑप्टिकल जोडणी आणली, ती सीडी प्लेअरचा डिजिटल आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत नेण्यासाठी. विजेचा संकेत पोर्टमधल्या ट्रान्समीटर मॉड्यूलमध्ये लाल उजेड होतो आणि साधारण 1 मिमी जाडीच्या प्लॅस्टिक तंतूतून पुढे जातो. दोन उपकरणांत तांब्याचा धागा राहत नाही. आपल्या भागात याची किंमत मोठी आहे. जुन्या इमारतींत अर्थिंगचा भरवसा नाही, केबलवाल्याची कोॲक्सियल वायर एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेलेली आणि पावसाळ्यात विजांचा कडकडाट. ॲम्प्लिफायरमधली 50 हर्ट्झची घरघर असो की केबलमधून आलेला झटका, ऑप्टिकलच्या वाटेने तो पुढे सरकत नाही. म्हणून ‘एचडीएमआय आहे ना, मग हे सोडून द्या’ असे ग्राहकाला सांगणे बरोबर नाही.

पोर्टमध्ये लाल उजेड दिसला की काम झाले, असे अनेक जण धरून चालतात. उजेडावरून एलईडी पेटते एवढेच कळते, डेटा जातो की नाही हे कळत नाही. स्कोप नसला तरी डेटा पिनवर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा. या संकेतात वरची आणि खालची पातळी जवळपास सारखा वेळ असते, त्यामुळे 3.3 व्होल्टच्या सर्किटवर साधारण 1.6 दिसायला हवेत. शून्य किंवा पूर्ण 3.3 दिसले, तर संकेत पिनपर्यंत पोचलेलाच नाही आणि दोष मागे आहे. मॉड्यूल उपसण्याआधी टीव्हीचे ऑडिओ सेटिंग पीसीएमवर टाकून पाहा. ॲम्प्लिफायरला न समजणारा फॉरमॅट निवडलेला असला, तरी तक्रार हीच असते.

मॉड्यूल बदलायचेच ठरले, तर खरा शत्रू उष्णता. आजच्या बोर्डांवरचे शिसेविरहित सोल्डर 217 अंशांच्या आसपास वितळते, आपले नेहमीचे 63/37 सोल्डर 183 ला. जुना जोड हटत नाही म्हणून आयर्न 450 वर नेले की पॅड उखडतो आणि प्लॅस्टिकचे अंग वाकते. त्याऐवजी जुन्या जोडावर थोडे 63/37 आणि फ्लक्स द्या, दोन्ही एकजीव होऊ द्या, मग विकने उचला. हॉट एअर गन इथे नकोच. तिने पोर्टचे झाकण वेडेवाकडे होते आणि प्लग बसत नाही. नवा भाग लावताना तो बोर्डवर सपाट बसवा, आधी आधाराच्या पिना पक्क्या करा, मग तीन पिनांवर दोन-तीन सेकंदांचा एकेक टाका. भिंतीवरच्या टीव्हीत ग्राहक अंदाजाने प्लग खुपसतो. आधार सैल असेल, तर तो सगळा जोर या टाक्यांवर येतो आणि महिन्याभरात ड्राय सोल्डर होऊन तोच टीव्ही परत येतो.

टाका देताना आणि बोर्ड धुताना पोर्टची रबरी टोपी लावलेली असू द्या. आयपीएमध्ये विरघळलेला फ्लक्स आत गेला, की भिंगावर साय धरते आणि उजेड मंदावतो.

पिनांचा क्रम आणि व्होल्टेज प्रत्येक कंपनीच्या भागात सारखे असेलच असे नाही. लॅमिंग्टन रोडवरून ‘तसाच दिसणारा’ भाग आणला, तर त्याचा नंबर वाचा आणि डेटाशीट उघडा. पुरवठ्यावरचा 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पिनांना अगदी चिकटून हवा. तोशिबा 7 मिमीच्या आत सांगते. तो काढून टाकला, तर उजेड येतो, पण आवाज मध्येच तुटतो. ज्यांना कोॲक्सियल डिजिटल आउटवरून ऑप्टिकल काढायचे आहे, त्यांनी ती वायर थेट मॉड्यूलला जोडू नये. तिथे संकेत जेमतेम अर्धा व्होल्ट असतो. 74एचसीयू04 सारख्या आयसीने तो वाढवून घ्यावा लागतो.

आमचे वाचकांना एकच आग्रहाचे सांगणे आहे. टीव्ही परत देण्याआधी ऑप्टिकलवरून 15 मिनिटे सलग आवाज वाजवा, केबल हलवून पाहा आणि जॉब कार्डवर मॉड्यूलचा नंबर व ही तपासणी लिहा. पोर्टमध्ये डोकावून लाल ठिपका पाहणे ही तपासणी नव्हे. ग्राहक पैसे मोजतो ते आवाजाचे, आणि तो आपण आपल्या कानांनी ऐकूनच त्याच्या हाती द्यायला हवा.