बॉनेटखाली काय आहे, ते आपल्यालाही कळायला हवं

गेल्या वैशाखात वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावहून एका अडलेल्या बाईला घेऊन आम्ही दोघी भाड्याच्या जीपने अकोल्याला निघालो. मेडशी गावातून जाताना ड्रायव्हरसमोरचा काटा तांबड्या पट्ट्यात गेलेला मला दिसला. शेजारी बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवाही लागला होता. अर्थ कळला नाही, विचारायची लाज वाटली. पुढे पातूरच्या घाटात इंजिन बंद पडलं. मी उतरून विचारलं, तर ड्रायव्हरदादा म्हणाले, "ताई, तुमी बसा आतमंदी, हे तुमचं काम नाई." दुसरी गाडी मिळेपर्यंत दीड तास गेला. बाई आणि बाळ वाचली, पण ती नशिबानं.

नंतर मेकॅनिकने सांगितलं, पट्टा तुटला होता. त्या जीपमध्ये एकच पट्टा पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर, दोन्ही फिरवतो. तो तुटला की इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरत नाही, म्हणून काटा चढतो. बॅटरी चार्ज होत नाही, म्हणून दिवा लागतो. एवढं मला ठाऊक असतं तर मी मेडशीतच गाडी थांबवायला लावली असती. गावात दुसरी गाडी शोधता आली असती.

मैत्रिणींनो, हे ज्ञान अवघड आहे का? रेडिएटर म्हणजे एका अर्थी आपला कुकरच. आत दाब असतो, म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण उघडलं तर ते अंगावर उसळतं. कुकरचं झाकण वाफ जिरल्याशिवाय उघडू नये, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. ब्रेकचंही तसंच. पायाचा दाब नळीतल्या तेलातून चाकापर्यंत जातो. पॅडल मऊ लागलं, खाली जाऊ लागलं, तर तेल गळतंय किंवा नळीत हवा शिरली आहे असं समजावं आणि गाडी पुढे नेऊ नये.

आता आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता खुला झाला. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. हवा कमी असलेला टायर त्या वेगाने दबत, तापत जातो आणि फुटू शकतो. गाडीत बसण्याआधी "हवा तपासली का?" असं विचारायला लायसन्स लागत नाही.

बायकांना यंत्रातलं कळत नाही, हे आपण ऐकत आलो. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेली मोटार शंभरेक किलोमीटर घेऊन गेली. वाटेत तुंबलेली इंधनाची नळी तिने टोपीच्या पिनेने साफ केली. आपल्याकडे परभणीच्या शीला डावरे यांनी १९८८ मध्ये पुण्यात रिक्षा हाती घेतली. २०२३ मध्ये एसटीच्या स्टिअरिंगवरही बाई बसली. कळत नाही असं नाही. कळू दिलं जात नाही.

चूक आपलीही आहे. मुलींना ड्रायव्हिंग शिकवण्यासाठी आपण धडपडलो. क्लच, गिअर शिकवले, लायसन्स काढून दिलं. बॉनेट मात्र उघडून दाखवलं नाही. मग गाडी अडली की त्या पुन्हा कोणाच्या तरी तोंडाकडे बघतात, आणि गॅरेजचं बिल सांगतील तेवढं देतात.

म्हणून माझं म्हणणं आहे की, प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत दोन तास यासाठी काढावेत. ओळखीच्या मेकॅनिकला बोलवा. सपाट जागी, थंड इंजिनची ऑइलपट्टी प्रत्येकीने स्वतः काढावी, पुसावी, परत बुडवावी आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहावं. हात काळे झाले तर होऊ द्यावेत. चुलीपाशी ते रोजच होतात.